६८ वर्षांचा म्हातारा ४७ वर्षं जुनी गाडी घेऊन आला आणि जगाचा रेकॉर्ड करून गेला

गोठ्याच्या कोपऱ्यात, वाड्याच्या जिन्याखाली नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री टाकून ठेवलेली एक तरी जुनी गाडी प्रत्येकाच्या ओळखीची असते. कुणाची राजदूत असते, कुणाची येझदी, कुणाची वडिलांनी ठेवलेली बुलेट.

मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं. एकदा वेळ मिळाला की चालू करायची आहे.

मग लग्न होतं, पोरं होतात, घराचे हप्ते सुरू होतात. वेळ मिळतो तेव्हा पन्नाशी आलेली असते, गुडघे कुरकुरायला लागलेले असतात आणि घरचे म्हणतात, आता या वयात कशाला हा उद्योग?

असा प्रश्न ज्याला ज्याला ऐकावा लागतो, त्यानं बर्ट मुन्रोची गोष्ट वाचलीच पाहिजे.

बर्ट मुन्रो हा न्यूझीलंडचा गडी. वयाच्या पन्नाशीला टेकताना त्यानं नोकरी सोडली, एका गॅरेजमध्ये संसार हलवला आणि आपल्या तरुणपणीच्या मोटारसायकलमागं पूर्ण वेळ लागला. त्याच गाडीवर, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यानं अमेरिकेत जाऊन जागतिक विक्रम केला.

गाडीचं नाव होतं इंडियन.

आता नावावरून गोंधळ नको. या इंडियनचा आपल्या भारताशी संबंध नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे. तिथं १९०१ साली जॉर्ज हेन्डी यांनी मोटारसायकलची कंपनी सुरू केली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना तिकडं इंडियन म्हणायचे, त्यावरून गाडीला नाव पडलं इंडियन. म्हणूनच पुढं बर्टवर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ नावाचा सिनेमा आला, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तो एखाद्या भारतीय धावपटूवरचा वाटला.

असो. तर गोष्ट सुरू होते १८९९ साली.

डॉक्टर म्हणाले होते, हे पोर जगायचं नाही

न्यूझीलंडच्या नकाशात अगदी खाली, दक्षिणेच्या टोकाला इनव्हरकार्गिल नावाचं गाव आहे. २५ मार्च १८९९ ला तिथं हर्बर्ट जेम्स मुन्रोचा जन्म झाला. त्याच्याबरोबर जुळी बहीण होती, ती जन्मतःच गेली. हा वाचला खरा, पण डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं की हा दोन वर्षंही काढायचा नाही.

डॉक्टरांचं ऐकायचं नाही, ही सवय त्याला तेव्हापासूनच लागली म्हणायची.

वडिलांची शेती होती. शेतावर घोडे होते. त्यातला सगळ्यात तेज घोडा घेऊन हा पोरगा शिवारभर उधळायचा आणि वडिलांची बोलणी खायचा. मग मोटारसायकली आल्या आणि घोडा मागं पडला.

१९२० साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्यानं एक कोरी इंडियन स्काउट विकत घेतली. इंजिन नंबर ५०आर६२७. इंजिन ६०० सीसीचं, दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेले. कंपनीतून आली तेव्हा गाडीचा जास्तीत जास्त वेग होता ताशी ८९ किलोमीटरच्या आसपास.

त्या काळात एवढा वेग म्हणजे चैन होती. बर्टला तो पुरला नाही.

१९२६ पासून त्यानं गाडी खोलायला सुरुवात केली. पुढची जवळपास पन्नास वर्षं ती गाडी कधी पूर्ण बंद झाली नाही आणि कधी पूर्ण तयारही झाली नाही.

संसार, मंदी आणि लांबणीवर पडलेलं वेड

१९२७ साली बर्टचं लग्न झालं. बायकोचं नाव बेरिल. चार पोरं झाली.

मधल्या काळात तो स्पीडवेवर पैशासाठी शर्यती करू लागला होता. पण जागतिक मंदी आली, शर्यतींवर पोट भरेना, मग गडी परत घरच्या शेतीवर आला. पुढं मोटारसायकली विकायचं आणि दुरुस्त करायचं काम धरलं. दिवसा नोकरी आणि रात्री आपली स्काउट, असं चाललं होतं.

इनव्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटी लागली की वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. तिथं शर्यती व्हायच्या. १९३८ साली बर्टनं न्यूझीलंडचा पहिला राष्ट्रीय विक्रम केला. पुढं आणखी सात केले.

तरी ही सगळी फावल्या वेळातली मौज होती. खरी उलथापालथ झाली दुसऱ्या महायुद्धानंतर.

बर्ट आणि बेरिल वेगळे झाले. १९४७ साली घटस्फोट झाला. तेव्हा त्याचं वय होतं ४८. या वयात माणूस निवृत्तीची गणितं मांडायला लागतो. बर्टनं उलटं केलं. नोकरी सोडली आणि एका गॅरेजमध्ये राहायला गेला. झोपायला खाट, शेजारी लेथ मशीन, मधोमध स्काउट.

हे ऐकायला भारी वाटतं. पण यात काही गमावलंही होतं. चार पोरांचा बाप एका पत्र्याच्या दाराआड एकटा राहत होता. त्याच्याकडं पैसा नव्हता, हाताशी माणसं नव्हती. होती ती तीस वर्षांची होत आलेली मोटारसायकल.

कंपनी बंद, स्पेअर पार्ट नाहीत, मग पार्ट घरीच

जुनी गाडी उभी करणाऱ्यांची पहिली अडचण ठरलेली असते. पार्ट कुठून आणायचा?

बर्टची तर गाडी अमेरिकेतली आणि तो जगाच्या दुसऱ्या टोकाला. त्यात १९५३ साली स्प्रिंगफील्डच्या मूळ कंपनीनं उत्पादनच थांबवलं. विषयच संपला.

मग त्यानं पार्ट घरी बनवायला घेतले.

पिस्टन ओतायला जुने पत्र्याचे डबे साचा म्हणून वापरले. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम, तेल फिरवायची व्यवस्था, सगळं स्वतःच्या हातानं. पिस्टनचा धक्का क्रँकपर्यंत नेणारा कनेक्टिंग रॉड लागतो, तो त्यानं कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हातानं घासून काढला. केसाएवढं माप घ्यायला मायक्रोमीटर लागतो, तोही चाकाच्या जुन्या आरीपासून बनवला.

गावाकडं बोअरच्या मोटरीला भंगारातला बेअरिंग बसवून पाणी काढणारे मिस्त्री आपण बघतो. बर्ट त्याच जातकुळीतला. फरक इतकाच की त्याला पाणी काढायचं नव्हतं, वेग काढायचा होता.

इंजिनात त्यानं सगळ्यात मोठा बदल केला तो व्हॉल्व्हचा.

स्काउटचं मूळ इंजिन साइड व्हॉल्व्ह होतं. म्हणजे हवा आणि पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेले असतात. बनवायला सोपं, पण हवेला वळण घेऊन आत जावं लागतं. नाक अर्धं दाबून पळण्यासारखं. बर्टनं व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं. जोडीला सिलिंडर मोठे करत करत ६०० सीसीचं इंजिन त्यानं शेवटी ९५० सीसीपर्यंत नेलं.

हे एका फटक्यात जमलं नाही. पिस्टन फुटायचे, रॉड वाकायचे, महिन्यांची मेहनत एका सेकंदात धूर होऊन जायची. फुटलेला पार्ट तो फेकून देत नसे. गॅरेजमध्ये एक फळी होती, तिच्यावर हे मोडके तुकडे ओळीनं मांडलेले असत. फळीवर त्यानं लिहून ठेवलं होतं, की हा सगळा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे.

एक दुसरी गाडीही होती, १९३६ ची वेलोसेट. तिच्यावरही असेच प्रयोग चालायचे. पण जीव स्काउटमध्ये.

आता कुणी म्हणेल, इतकं बदलल्यावर ती १९२० ची गाडी राहिली कुठं? आजोबांची कुऱ्हाड असते ना, पातं दोनदा बदललेलं, दांडा तीनदा, तरी घरात ती आजोबांचीच कुऱ्हाड असते. तसंच हे.

हवेशी भांडण

इंजिन तगडं केलं म्हणजे गाडी पळते, हे अर्धं खरं.

ताशी शंभरच्या पुढं गेलं की खरा वैरी असतो हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला ढकलत जायला ताकद लागते आठपट. बर्टला मूळच्या वेगाच्या तिप्पट जायचं होतं. हिशोब केला तर नुसत्या हवेसाठी सत्तावीसपट ताकद लागते. पन्नास वर्षं जुन्या इंजिनातून एवढी ताकद काढणं अशक्य.

म्हणून हवेचा विरोधच कमी करायचा. त्यासाठी त्यानं गाडीवर माशाच्या आकाराचं कवच चढवलं. आधी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून आकार दिला, नंतर त्यावरून फायबर ग्लासचं कवच तयार केलं. आत चालवणाऱ्यानं टाकीवर छाती टेकवून पडायचं. बाहेरून पाहिलं तर मोटारसायकल वाटायचीच नाही, चाकं लावलेलं टॉर्पिडो वाटायचं.

आता प्रश्न होता, हे पळवायचं कुठं? न्यूझीलंडचा कुठलाच रस्ता, कुठलाच किनारा त्याला पुरणारा नव्हता.

जगात त्यासाठी एक जागा होती. बोनव्हिल.

मिठाचं रान

अमेरिकेच्या युटा राज्यात हजारो वर्षांपूर्वी एक प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि मागं मिठाचं पांढरंशुभ्र पठार राहिलं. झाड नाही, दगड नाही, वळण नाही. पावसाळी पाणी आटलं की उन्हाळ्यात तिथं डोळे दिपवणारं सपाट मैदान तयार होतं. जगभरातले वेगवेडे ऑगस्टमध्ये आपापली यंत्रं घेऊन तिथं जमतात.

बर्ट आयुष्यात दहा वेळा तिथं गेला. पहिल्यांदा नुसता बघायला. बाकीच्या वेळी उतरायला.

खिशात पैसा बेताचाच. समुद्रातून गाडी न्यायची, अमेरिकेत उतरल्यावर एखादी जुनीपानी मोटार स्वस्तात घ्यायची आणि स्काउट ओढत मिठाच्या रानापर्यंत न्यायची, असा सगळा मामला. आजूबाजूला कंपन्यांच्या पैशावर आलेल्या तुकड्या आणि मध्ये हा साठी ओलांडलेला गडी, सोबत जुनाट मोटारसायकल.

त्यात तब्येत साथ देत नव्हती. पन्नाशी उलटल्यावर त्याला हृदयविकार जडला होता. छातीत कळा यायच्या. डॉक्टरांनी हा नाद सोडायला सांगितलं होतं.

डॉक्टरांचं ऐकायचं नाही, ही सवय मात्र जुनी होती.

१९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यानं ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. जिचा वेग ८९ होता, ती गाडी २८८ वर. बघणाऱ्यांची बोटं तोंडात.

इथं थांबला असता तरी नाव राहिलं असतं. पण तो १९६६ ला १००० सीसी गटात उतरला आणि तिथंही ताशी २७० किलोमीटरचा विक्रम नोंदवून आला. समाधान अजूनही नव्हतं.

ऑगस्ट १९६७

बर्ट ६८ वर्षांचा. स्काउट ४७ वर्षांची.

बोनव्हिलवर विक्रम कसा मोजतात, ते आधी समजून घ्यायला हवं. एकदा सुसाट गेलं की झालं, असं नसतं. आधी पात्रता फेरी असते. मग ठरलेलं अंतर एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेनं येताना कापायचं. दोन्हीची सरासरी हा विक्रम. कारण पाठीमागून वारा असेल तर कुणीही वेगवान ठरेल, परतताना तोच वारा तोंडावर येतो.

पात्रता फेरीत बर्टनं ताशी ३०५.८९ किलोमीटर वेग गाठला. इंडियन बनावटीच्या गाडीवर तोवर अधिकृतपणे इतका वेग कुणीच नोंदवला नव्हता.

त्या वर्षी मरणही जवळून गेलं.

एका फेरीत अर्ध्याहून जास्त अंतर कापल्यावर गाडी थरथरायला लागली. या वेगात हँडल डगमगू लागलं की सावरायला जागाच नसते. ब्रेक मारणं म्हणजे आत्महत्या. बर्टनं वेग कमी करायला एक उपाय केला. तो आत ताठ उठून बसला, म्हणजे छातीवर हवा अडेल आणि गाडी मंदावेल. हवेच्या झोतानं डोळ्यांवरचा गॉगल उडाला. डोळे असे दाबले गेले की समोरचं दिसेनासं झालं.

मिठावर मार्ग दाखवायला काळी रेघ मारलेली असते. गाडी त्या रेघेपासून लांब भरकटली. खुणेसाठी ठोकलेला लोखंडी खांब काही इंचांवरून गेला. शेवटी त्यानं गाडी आडवी टाकली.

सगळे धावले. म्हातारा खरचटलेल्या अंगानं बाहेर आला. बाकी काही नाही.

आणि त्याच महिन्यात त्यानं १००० सीसीच्या आतल्या गटात विक्रम केला. दोन फेऱ्यांची सरासरी नोंदवली गेली ताशी २९५.४५३ किलोमीटर.

ज्या वयात माणसाला नातवंडं हात धरून रस्ता ओलांडून देतात, त्या वयात.

याखेरीज एका अनधिकृत धावेत त्यानं ताशी ३३१ किलोमीटर गाठल्याचं सांगितलं जातं. पण विक्रमाच्या वहीत ते नाही, त्यामुळं ते सोडून देऊ.

शेवटचे दिवस

त्यानंतरही काही वर्षं तो बोनव्हिलला जात राहिला. पण शरीर ऐकेना. पुढं त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात पूर्वीसारखे चालेनात. ज्या हातांनी लोखंडातून रॉड कोरला, त्याच हातांना आता जपून उचलावं लागत होतं.

मग त्यानं निर्णय घेतला. स्काउट आणि वेलोसेट, दोन्ही गाड्या गावातल्याच नॉर्मन हेज या व्यापाऱ्याला विकल्या. या गाड्या आपल्या मुलखातच राहाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती.

६ जानेवारी १९७८ ला बर्ट मुन्रो गेला. वय ७८. दोन वर्षंही जगणार नाही असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो.

मेल्यानंतर सापडलेला हिशोब

बर्टवर आधी माहितीपट झाला होता. रॉजर डोनाल्डसन या तरुण दिग्दर्शकानं १९७१ साली, म्हणजे बर्ट जिवंत असतानाच, तो बनवला. हा दिग्दर्शक पुढं हॉलिवूडमध्ये मोठा झाला, पण बर्ट त्याच्या डोक्यातून गेला नाही. २००५ साली त्यानं ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा सिनेमा काढला. बर्टची भूमिका केली अँथनी हॉपकिन्स यांनी.

सिनेमात अनेक वर्षांच्या वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत आणि पहिल्याच फेरीत बाजी मारल्याचं दाखवलंय. खऱ्या आयुष्यात त्यासाठी वारंवार जावं लागलं. सिनेमापेक्षा खरी गोष्ट जास्त चिवट आहे.

त्यानंतर २००६ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशननं त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये मान दिला. त्याच वर्षापासून इनव्हरकार्गिलला त्याच्या नावानं दरवर्षी शर्यती भरू लागल्या.

पण खरी मजा झाली २०१४ साली.

बर्टचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं की १९६७ च्या विक्रमाच्या आकडेमोडीत चूक आहे. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना गणित चुकलं होतं. असोसिएशननं तपासलं, चूक मान्य केली आणि विक्रम दुरुस्त झाला. नवा आकडा ताशी २९६.२५९३ किलोमीटर.

म्हणजे मरणानंतर ३६ वर्षांनी बर्ट मुन्रो आणखी थोडा वेगवान झाला. आणि ते केलं त्याच्या पोरानं. ज्या घरातून बाप गॅरेजमध्ये राहायला गेला होता, त्याच घरातल्या पोरानं बापाचा हिशोब नीट केला.

२०१७ साली त्या विक्रमाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बर्टचा चुलत नातू ली मुन्रो नव्या जमान्याची इंडियन स्काउट घेऊन त्याच बोनव्हिलच्या मिठावर उतरला.

आणि जुनी स्काउट? ती इनव्हरकार्गिलमध्ये हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवली आहे. खिळे, पाने, स्क्रू घ्यायला येणारे लोक तिच्यासमोरून जातात. पाने आणि कानशी विकणाऱ्या दुकानापेक्षा चांगली जागा तिला मिळालीही नसती.

जुन्या गाडीवर ताडपत्री टाकून बसलेल्या सगळ्यांनी ताशी तीनशेनं पळावं, असं काही नाही. पळूही नये. पण बर्टला एक गोष्ट कळली होती. पूर्ण वेळ मिळेल, पुरेसा पैसा मिळेल, सगळे पार्ट मिळतील, मग सुरुवात करू, असं म्हणणाऱ्यांची गाडी ताडपत्रीखालीच राहते. तो हाताशी असलेला डबा घेऊन पिस्टन ओतायला बसला.

पहिला पिस्टन फुटला. त्यानं तो फळीवर ठेवला आणि दुसरा ओतायला घेतला.